साच्यातले मासे

७ फेब्रुवारी

सगळ्यात आधी या वहीची माफी. कारखाना बंद झाला त्या दिवशी शेवटचं पान लिहिलं होतं, त्यानंतर आज. लिहिण्यासारखं काही नव्हतं असं म्हणणं खोटं होईल. लिहायला बसले की मी दिवसभर फक्त पडून असते हे कागदावर उतरेल, याची भीती होती. रंगाच्या कारखान्यात सोळा वर्षं तपासणी विभाग सांभाळलेल्या बाईला स्वतःची तपासणी नको होती.

आता लिहिते आहे कारण काहीतरी सुरू झालं आहे. हसण्यासारखं आहे. मी खोटे मासे बनवते.

नवरा रविवारी तळ्यावर गळ टाकायला जातो. त्याच्या गळाला लावायचा प्लास्टिकचा मासा खडकावर आपटून फुटला आणि त्याने तो कचऱ्याच्या डब्यात टाकला. मी उचलला. रंगाचे पोपडे निघालेले, आत हवेचे बुडबुडे. इतकं भिकार काम मी आमच्या कारखान्यातून बाहेर जाऊ दिलं नसतं. त्याला तसं म्हणाले. तो म्हणाला, "मग तू कर की. नुसतं नापास करायला कुणालाही येतं."

केला. आधी लाकडाचा कोरला, त्याच्यावर सिलिकॉन ओतून दोन भागांचा साचा घेतला. साच्यात स्टीलची तार आणि पोटात शिशाचा गोळा बसवायचा, रेझिन आणि ते घट्ट करणारं हार्डनर वजन करून मिसळायचं, ओतायचं, वाट बघायची. पहिला मासा चिकट राहिला. दुसरा पोट वर करून तरंगला, तिसरा दगडासारखा बुडाला. सातवा की आठवा बाथरूममधल्या पिंपात दोरीने ओढला तर शेपूट हलवत असा काही निघाला, की मी ओल्या हाताने नवऱ्याला कामावर फोन केला. तो लिफ्ट दुरुस्त करतो. म्हणाला, "मॅडम, मी आत्ता चौथ्या आणि पाचव्या मजल्याच्या मध्ये लटकतोय. मासा पोहतो हे ऐकून बरं वाटलं."

१९ फेब्रुवारी

कामाची वाटणी ठरली आहे. ओतणं आणि रंगवणं माझ्याकडे, घासणं त्याच्याकडे. साच्याचे दोन भाग जुळतात तिथे माशाच्या अंगावर एक बारीक शिवण उरते. ती पॉलिश पेपरने घासून काढली नाही तर रंग तिथून सुटतो. संध्याकाळी कामावरून आला की तो मागच्या खोलीत बसतो आणि घासतो. मी हातमोजे देऊन पाहिले. त्याने काढून ठेवले. डोळ्याला न दिसणारी शिवण बोटाला लागते म्हणतो. खरं आहे, त्याने घासलेल्या माशात मला अजून खोट सापडलेली नाही.

नणंद येऊन गेली. दोन गल्ल्या सोडून राहते, नवऱ्याहून मोठी, त्यामुळे मी तिला ताई म्हणते आणि ती मला काहीही म्हणते. आजही उभ्याउभ्याच बोलली. "काय गं, आता खोट्या माशांनी खरे मासे फसवणार? बरं आहे. माणसं फसवण्यापेक्षा बरं." मग डाव्या हाताने एक मासा उचलून उजेडात धरला. डावखुरी आहे. खूप वेळ उलटसुलट बघत होती. विकत घ्यायला आलेलं गिऱ्हाईक इतकं बघत नाही.

६ मार्च

तळ्याकाठी गळ, दोऱ्या, आमिषं विकणारं दुकान आहे. मालकाला सगळे मिशीवाले म्हणतात. मागे त्यांनी विकायला ठेवून घेतलेले आमचे मासे संपले आणि मे महिन्यात तळ्यावर होणाऱ्या स्पर्धेसाठी मोठी मागणी आली. वेळेत दिले तर पुढच्या हंगामाला फक्त आमचे ठेवीन म्हणाले. घरी येऊन आधी रेझिनचे डबे मोजले.

साचे चारच आहेत आणि दिवस मोजके. रेझिन पूर्ण पक्कं व्हायला आठवडा द्यावा असं डब्याबरोबरच्या पत्रकात आहे. आठवडा कुठून आणू? दुसऱ्या दिवशी मासा हाताला कडक लागतो, नख रुतत नाही. ठरवलं, एक दिवस पुरे. संध्याकाळी काढायचे आणि लगेच घासायला द्यायचे.

मागची खोली पांढऱ्या धुरळ्याने भरून गेली आहे. नवरा केसांपासून पापण्यांपर्यंत पिठाच्या गिरणीतून आल्यासारखा दिसतो.

१५ मार्च

काहीतरी बिनसलं आहे. काय ते सांगता येत नाही, म्हणून जे दिसतं तेवढंच लिहिते.

तो बाहेरच्या खोलीत झोपायला लागला आहे. विचारलं तर म्हणाला, आत उकडतं. पंखा आत आहे.

इतक्या उकाड्यात पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतो, मनगटापर्यंत बटणं लावून.

आज सकाळी त्याचे डोळे सुजलेले होते. पापण्या लाल. मी विचारलं, "रडलास का?" तो हसला. "मी? कशाला?" कशाला तेच मला हवं होतं. त्याने चहाचा कप घेतला आणि तोंड खिडकीकडे करून प्यायला. लग्नाला एकोणीस वर्षं झाली. मला चुकवून चहा पिताना मी त्याला पहिल्यांदा पाहिलं.

२२ मार्च

त्याने टॉवेल वेगळा केला. कपडेही स्वतः धुतो, ते सुद्धा माझ्या आधी उठून. म्हणतो, "तुला काम पडतं ना गं." इतकी वर्षं नव्हतं पडत?

नवऱ्याने कपडे स्वतः धुतले म्हणून कुढत बसणारी बाई जगात मी एकटीच असेन. पण प्रयोगशाळेत आम्हाला एकच शिकवलं होतं. एक आकडा हलला तर यंत्र बघा, तीन हलले तर माल बघा.

आज कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानापाशी तो दिसला. मी रस्त्याच्या पलीकडे होते. काउंटरवर ती नवीन बाई असते, तिशीची असेल. तो काहीतरी सांगत होता आणि ती हसत होती, बोट दाखवून त्याला दटावत होती. शेवटी तिने छोटं पाकीट दिलं. ते त्याने पिशवीत नाही, आतल्या खिशात ठेवलं.

घरी आल्यावर मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बरं नाही का?"

"डोकं दुखत होतं. गोळी घेतली."

डोकेदुखीच्या गोळीला इतकं हसू येत नाही.

३० मार्च

तो चार दिवस बाहेरगावी होता. तिथल्या एका इस्पितळाच्या दोन्ही लिफ्ट बंद पडल्या होत्या. खरंच पडल्या होत्या, मी त्याच्या साहेबांना फोन करून खात्री केली. फोन ठेवल्यावर स्वतःची शिसारी आली, तरी सुटल्यासारखंही वाटलं.

पण परत आला तेव्हा दारात मी बघतच राहिले. चेहरा उजळलेला, डोळे स्वच्छ. बॅग खाली ठेवून म्हणाला, "आज मस्त झोप लागणार." आणि खरंच आतल्या खोलीत येऊन झोपला. मी मनात म्हटलं, मूर्ख बाई, उगाच संशय घेत होतीस.

ते दोन दिवस टिकलं. आज पुन्हा पूर्ण बाह्या, पुन्हा बाहेरची खोली, पुन्हा सुजलेल्या पापण्या. चार दिवस माझ्यापासून लांब होता तर फुलासारखा झाला आणि या घरात पाऊल टाकलं की चेहरा उतरला. हे घर त्याला मानवत नाही. याचा एकच अर्थ होतो आणि तो लिहायला माझा हात होत नाही.

४ एप्रिल

आता दुसरंच. की तेच?

घासलेले मासे रंगवायला घेतले. भिंगाखाली एक-दोन बघायची माझी सवय आहे. घासल्याचे चरे तिरके असतात, नवऱ्याचे उजवीकडे झुकणारे. या घाण्यातले सगळे डावीकडे झुकलेले. मागचा घाणा काढून पाहिला. तेही डावीकडे.

हे त्याने घासलेले नाहीत. डावखुऱ्या माणसाने घासले आहेत. असं एकच माणूस माझ्या ओळखीचं आहे.

दुपारी दोऱ्या आणायला दुकानात गेले तर मिशीवाले म्हणाले, "तुमच्या नणंदबाई येऊन गेल्या. पाण्यात चालणारा पॉलिश पेपर मागत होत्या. त्यांनीही सुरू केलं वाटतं?"

मी म्हटलं, "हो, घरचाच धंदा आहे." आणि दोऱ्या न घेताच आले.

म्हणजे माझे मासे घराबाहेर जातात, तिच्याकडे. तिच्या हातात मासा आहे, पॉलिश पेपर आहे, सिलिकॉन कुठेही मिळतं. एक मासा हातात आला की साचा काढायला एक दुपार लागते. तो उजेडात धरून इतका वेळ का बघत होती ते आता कळलं. आणि तो? तो बहिणीच्या बाजूने? औषधवाली यात कुठे बसते ते कळत नाही. दोन वेगवेगळ्या भानगडी असतील असं आज पहिल्यांदा वाटलं. एका माणसाला दोन झेपतील?

८ एप्रिल

मी जे केलं ते चांगलं नाही, पण लिहिते.

नवीन घाण्यातल्या प्रत्येक माशाच्या जबड्याखाली, जिथे पाणी कापणारी पारदर्शक पट्टी नंतर बसते त्या खाचेत, सुईने एक टिंब टोचलं. कारखान्यात बाहेर जाणाऱ्या नमुन्यांना आम्ही अशीच खूण करायचो, बदलून आणू नयेत म्हणून. मासे त्याच्या टेबलावर ठेवले आणि म्हटलं, "आज माझ्यासमोर बसून घास ना. मलाही शिकव."

"आज नको गं. हाताला ग्रीस आहे."

"धुऊन ये."

"धुतलं तरी जात नाही ते." हात खिशात घालूनच बोलला. मग विषय बदलला. "काय करतेस जेवायला?"

सकाळी तो कामाला गेला आणि मासे गेले. संध्याकाळी आले, घासलेले. सगळ्यांना टिंब होतं. म्हणजे बदललेले नाहीत. मला आनंद व्हायला हवा होता. उलट वाटलं, चलाख आहेत, अस्सल परत करतात आणि नक्कल ठेवून घेतात.

हे वाक्य आत्ता वाचलं. पुरावा माझ्या बाजूचा असो की विरुद्धचा, दोषी तेच ठरताहेत. प्रयोगशाळेत कुणी असा अहवाल आणला असता तर मी तोंडावर फेकला असता.

११ एप्रिल

आज गेले.

नणंदेचं दार उघडंच होतं. ती मागे मोरीपाशी स्टुलावर बसलेली, समोर पाण्याची परात. कोपरापर्यंत पिवळे रबरी हातमोजे, नाकातोंडाला घट्ट ओढणी. पाण्यात बुडवून माझा मासा घासत होती. बाजूच्या फडक्यावर बाकीचे ओळीने पालथे.

तिने मान वर केली. "ये. आणि तोंड तसं करू नकोस, चोर पकडायला आल्यासारखं."

"ताई, हे माझे मासे आहेत."

"मग? मी काय माझ्या पोटचे म्हणाले?"

"साचा कुठे आहे?"

"कसला साचा?"

"नक्कल काढायचा. मला सगळं कळलंय. पेपर कुठून आणला तेही."

तिने ओढणी खाली ओढली आणि अशी हसली की परातीतलं पाणी हललं. "अगं बाई! मी तुझे मासे चोरीन? रोज बंडू, तुझाच नवरा, पिशवी आणून ओततो, मी घासते, माझी कंबर जाते. स्वप्नात हे तोंड उघडून रांगेत उभे असतात. शोध घरभर, सापडला साचा तर ने. हे पण ने."

"मग कशाला करता?"

"त्याने हात जोडले म्हणून." हसू एकदम थांबलं. "जोडण्यासारखे राहिलेत कुठे म्हणा. पाण्यात घास, मोजे काढू नकोस, नाक झाक, शंभरदा बजावून गेलाय. तुला सांगायचं नाही अशी शपथ घातली होती, मोडली आता. तू बायको ना त्याची? एका छताखाली राहता ना? त्याचे हात बघितलेस कधी?"

मी टॉवेल बघितला होता. बाह्या, पापण्या, खिसा, औषधवालीचं बोट, सगळं टिपून ठेवलं होतं. हात नव्हते बघितले.

११ एप्रिल, संध्याकाळी

तो आल्यावर दारातच म्हटलं, "बाह्या वर कर."

त्याने आधी माझं तोंड बघितलं आणि म्हणाला, "ताई बोलली."

"वर कर."

बोटांच्या बेचक्यांत कातडी फाटून ओली झालेली. मनगटापासून कोपरापर्यंत लाल पुरळ, खाजवून खाजवून त्यावर खपल्या. गळ्याशी, कॉलरच्या आतही. हे मला नवीन नव्हतं. हार्डनरच्या पिंपांवर काम करणारी माणसं नमुने घेऊन माझ्याकडे यायची, तेव्हा असे हात पाहिले आहेत. पूर्ण न पिकलेल्या रेझिनचा धुरळा अंगावर बसला की काहींना हे होतं आणि एकदा झालं की पुढे नुसत्या धुरळ्यानेही उठतं. त्या माणसांना दुसऱ्या विभागात हलवा म्हणून मी स्वतः शेरे मारले आहेत. एक दिवस पुरे, हे घरी कुणी ठरवलं तेही याच वहीत आहे.

"डॉक्टरकडे गेलास?"

"औषधवाल्या बाईकडून मलम आणतो. ती रोज म्हणते डॉक्टरला दाखवा. परवा तर दटावलं, दाखवल्याशिवाय पुढची ट्यूब मिळणार नाही. लहान मुलासारखं."

"मला का नाही सांगितलंस?"

"बंद केलं असतंस."

"अर्थात बंद केलं असतं!"

"म्हणूनच." तो खुर्चीत बसला. हात मांडीवर उताणे ठेवले, काही न लागेल असे. "कारखाना बंद झाला तेव्हापासून तू चिडली नव्हतीस. पाणी आलं नाही, चिडली नाहीस. ताई वाटेल ते बोलली, चिडली नाहीस. मला भीती वाटायला लागली होती. मग एक दिवस त्या बुडबुड्यांवर केवढी ओरडलीस. मी समोर उभा राहून ऐकत होतो. म्हटलं, आली परत."

शेवटी खरं तेच सांगितलं. मला वाटलं होतं तुझं बाहेर कुणीतरी आहे.

तो थक्क झाला. मग पुरळ आलेल्या हाताने कपाळ खाजवणार होता, मी हात धरला, मनगटाच्या वर, जिथे कातडी शाबूत होती.

"या तोंडाला?" तो म्हणाला. "बटाट्यासारख्या पापण्या घेऊन?"

मला हसू आलं.

१४ एप्रिल

त्वचेच्या डॉक्टरांनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, "तुम्ही रसायनशास्त्र शिकलात ना?" टोमणा नसावा, पण लागला. पुरळ जाईल. ही ॲलर्जी मात्र शरीर विसरणार नाही. रेझिन, हार्डनर, धुरळा यातलं काहीही त्याच्या घरात नको, कधीच.

मागची खोली ओल्या फडक्याने तीनदा पुसली. डबे बंद करून जिन्याखाली ठेवले. तो काल आत झोपला.

मिशीवाल्यांना सांगितलं की उरलेले मासे येणार नाहीत. ते मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "पुढच्या हंगामाचं मग बघू." बघू म्हणजे काय ते मला कळतं. रस्त्यावर आल्यावर रडू आलं, आणि ते त्याच्या हातांसाठी होतं की माशांसाठी, हे मी स्वतःला विचारलं. दोन्ही असेल. प्रमाण ठाऊक नाही.

१६ एप्रिल

नणंद आली आणि आज चक्क बसली. भावाचे हात उलटसुलट करून पाहिले, म्हणाली, "आता माणसासारखे दिसायला लागलेत." मग माझ्याकडे न बघता, "माझी मागची खोली रिकामी पडली आहे. तिथे ओत तुझे मासे. कपडे तिथेच बदल, अंघोळ करून घरी जा. आठवडाभर ठेवायचे असतील तर ठेव, मला काही घाई नाही. घासायला मी आहे."

"तुम्हाला तर स्वप्नं पडत होती."

"पडतात. सवय झाली. आता एकटीच्या घरात तेवढीच सोबत."

तो हसला. मी आभार मानले. ती गेल्यावर मनात आलं, यात तिचा काय फायदा? भागीदारी मागेल का? लिहिताना लाज वाटते आहे, पण प्रश्न पडला हे खरं आहे, म्हणून खोडत नाही. त्याच्याच शेजारी दुसराही लिहिते, जो मला आधी पडायला हवा होता. तिच्या हातांचं काय? मोजे आहेत, पाणी आहे, आठवडा थांबू. तरी डोक्यावर छप्पर आणि चार भिंती असलेली बंद खोली कशी होते ते मी पाहिलं आहे. तिला काही झालं तर ती कुणाला सांगणार नाही. या घराण्यात कुणी सांगत नाही.

उद्या: ताईंच्या मागच्या खोलीच्या खिडक्या उघडतात का, ते स्वतः उघडून बघणे.